जुनी जीप, नवे इंजिन : 'अस्सल' म्हणजे नेमके काय?

थ्रेड

१/ माहूरच्या रेणुकामातेच्या गडावर जाणारा रस्ता चढणीचा आणि वळणांचा आहे. नवरात्रात आणि दत्तजयंतीला या चढावर गाड्यांची रीघ लागते. मराठवाड्याच्या ग्रामीण रस्त्यांवर कित्येक वर्षे माणसे वाहणाऱ्या जुन्या जीपचे बॉनेट उघडले, तर आत बहुधा गाडीच्या वयाहून तरुण इंजिन दिसते. हा थ्रेड त्या विसंगतीच्या इतिहासाविषयी आहे.

२/ जुनी गाडी सजवून तिला आधुनिक इंजिन, ब्रेक आणि गिअरबॉक्स बसवण्याच्या छंदाला अमेरिकेत 'रेस्टोमॉड' म्हणतात. तिथे या छंदाचा आवडता विषय म्हणजे 'मसल कार'. १९६४ मध्ये पॉन्टियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन घालून 'जीटीओ' आणली, आणि या प्रकाराला ओळख मिळाली. आयात-निर्बंधांच्या काळातील भारतात अशा गाड्या दुर्मीळच राहिल्या. आपल्याकडे ती जागा जीपने घेतली.

३/ जीपचा जन्म युद्धातला. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीसाठी १३५ कंपन्यांकडे विचारणा केली. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने दिला. मोठे उत्पादन मात्र विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या.

४/ विलीजच्या यशाचे कारण तिचे इंजिन होते. अभियंता बार्नी रूस यांनी सुधारलेल्या या चार सिलिंडरच्या 'गो डेव्हिल' इंजिनाची क्षमता २१९९ सीसी आणि शक्ती ६० अश्वशक्ती होती. म्हणजे अस्सल मानली जाणारी पहिली जीपसुद्धा एका जुन्या इंजिनाच्या दुरुस्तीतून उभी राहिली होती. पुढच्या साऱ्या कथेत हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे.

५/ आता भारत. २ ऑक्टोबर १९४५ रोजी के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद यांची कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे बदलले. दरम्यान १९४७ मध्ये विलीजच्या ७५ गाड्यांचे सुटे भाग मुंबईत आले होते. ते जोडून भारतातील जीपचा कारखानदारी इतिहास सुरू झाला.

६/ त्या वेळी माहूर मुंबई प्रांतात नव्हते. ते हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबादमधून निघून मराठवाड्याबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

७/ याच काळात लष्कराला जीपची निकड भासत होती. १९४८ मध्ये लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या लष्करी जीप विकत घेण्याचा करार झाला. १५५ जीपची खेप भारतात पोहोचली, पण त्या लष्कराच्या उपयोगाच्या नाहीत असे ठरले. संसदेत वादळ उठले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मोठ्या खरेदी-वादात प्रश्न हाच होता : जुन्या गाडीची दुरुस्ती कशाला म्हणायचे?

८/ १९५३ मध्ये विलीजने सीजे-३बी हे रूप आणले. तिच्या 'हरिकेन' इंजिनाची क्षमता तीच, २१९९ सीसी. पण आत येणाऱ्या हवेच्या झडपा वर नेल्याने शक्ती वाढून ७० अश्वशक्तीच्या पुढे गेली. इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. महिंद्राने हे उंच कपाळाचे रूप पुढे अनेक दशके बनवले. भारतीय मनातील 'जुनी जीप' बहुतेक वेळा हीच असते, आणि तिचा चेहराच इंजिन-बदलातून घडलेला आहे.

९/ १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महाग झाले. शेतात, धरणांच्या कामांवर आणि तहसील कचेरीत वापरल्या जाणाऱ्या जीपला पेट्रोल परवडेना. आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन आणि १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन जीपमध्ये आले. कारखान्याने नव्या गाड्यांत जे केले, तेच गावोगावच्या मिस्त्र्यांनी जुन्या गाड्यांत केले. पेट्रोल इंजिन उतरवले, डिझेल चढवले.

१०/ त्यामागे हौस नव्हती, हिशेब होता. डिझेल स्वस्त होते, इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त ओढ देत होते आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळत होते. माहूरसारख्या चढणीच्या गावी दहा माणसे घेऊन पहिल्या गिअरमध्ये वर जाणाऱ्या चालकाच्या दृष्टीने हा बदल म्हणजे गाडीचे आयुष्य वाढवणे होते.

११/ आजचा हौशी मालक आणखी पुढे जातो. २०१० मध्ये आलेल्या महिंद्रा थारमधील २४९८ सीसीच्या कॉमन रेल डिझेल इंजिनाची शक्ती १०५ अश्वशक्ती आणि टॉर्क २४७ न्यूटन मीटर होता. युद्धकाळातील विलीजचा टॉर्क सुमारे १४२ होता. अशा नव्या पिढीचे इंजिन जुन्या सांगाड्यावर बसवले, की एक साखळीच सुरू होते.

१२/ ती अशी. वाढलेली ओढ जुन्या तीन गिअरच्या पेटीला झेपत नाही, म्हणून गिअरबॉक्स बदलतो. मग मागचा ॲक्सल तुटण्याची भीती. वेग वाढला, तर चारही चाकांचे ड्रम ब्रेक अपुरे पडतात. पुढे डिस्क येतात. सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची होते. शेवटी सांगाड्यालाच जोडपट्ट्या माराव्या लागतात. एक भाग बदलताना मालकाने प्रत्यक्षात दहा भाग बदललेले असतात.

१३/ इथे कायदा येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचले. रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षेचा विचार करता यामागचे कारण रास्त आहे.

१४/ जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम आणले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. म्हणजे बंगल्याच्या गॅरेजमध्ये जपलेली जीप वारसा ठरते. डिझेल इंजिनावर तीस वर्षे गावकऱ्यांना वाहून नेणारी जीप या व्याख्येबाहेर राहते.

१५/ इतिहासाच्या अभ्यासकाला ही व्याख्या अपुरी वाटली पाहिजे. माहूरचा किल्लाच पाहा. बहमनी राजवटीत महमूद गावानने वऱ्हाडाचे दोन भाग केले, तेव्हा त्यांपैकी एकाचे केंद्र माहूर होते. पुढे इमादशाही, निजामशाही, मोगल, आसफजाही असे धनी बदलत गेले. या दीर्घ वापरात झालेल्या डागडुजीमुळे किल्ला नकली आहे असे कोणी म्हणत नाही. तिचे थर वाचणे हेच आपले काम असते.

१६/ वास्तुवारशाच्या क्षेत्रात हा विचार मान्यही झाला आहे. पहिली जीटीओ ज्या वर्षी आली, त्याच १९६४ च्या व्हेनिस सनदेने म्हटले की इमारतीवरील सर्व कालखंडांच्या वैध भरीचा आदर राखावा आणि नवी भर जुन्यापासून ओळखू यावी. ऐतिहासिक वाहनांसाठीची तूरिन सनदही २०१२ पासून आहे. ती मूळ रूपाबरोबर गाडीच्या वापरकाळातील खुणांनाही मोल देते.

१७/ या कसोटीवर दोन प्रकारचे बदल वेगळे करता येतात. १९८० च्या दशकात पोट भरण्यासाठी बसवलेले डिझेल इंजिन हा इतिहासाचा थर आहे. ते काढून 'मूळ' पेट्रोल इंजिन बसवणाराही पुरावा पुसतो. आज हौसेने केलेला बदल मात्र असा असावा की तो उद्या उलटवता येईल : सांगाडा न कापता, काढलेले भाग जपून, प्रत्येक बदल लिहून.

१८/ घाई करण्याचे कारणही आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. पाटबंधारे, आरोग्य, महसूल या खात्यांच्या आवारात गंजत उभ्या असलेल्या जीप भंगारात जातील, आणि त्यांच्याबरोबर तालुक्यातील मिस्त्र्यांनी केलेल्या कामाचा एकमेव दस्तऐवजही जाईल. ते काम कुणी लिहून ठेवलेले नाही.

१९/ गावात अशी जीप असेल, तर चार गोष्टी टिपून ठेवता येतील : सांगाड्यावरील क्रमांक, इंजिनावरील क्रमांक, आरसी बुकातील नोंदी, आणि इंजिन कोणी, कधी, का बदलले याची मालकाच्या किंवा मिस्त्रीच्या तोंडची हकिकत. पहिले दोन क्रमांक एकमेकांशी जुळले नाहीत, तर निराश होऊ नये. त्या गाडीचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

(समाप्त)