घडीपासून चड्डीपर्यंत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मंडळाच्या कार्याचा आढावा असावा, चार पाककृती असाव्यात, एखादी कविता असावी, असा आपला रिवाज आहे. त्या पंक्तीला पाळीच्या कापडाचा इतिहास आणून बसवल्याबद्दल काही भगिनींच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. परंतु जव्हारच्या बाजारात हल्ली धुऊन पुन्हा वापरावयाची ‘पाळीची चड्डी’ मिळते, ती घ्यावी की नाही, असे आपल्यापैकी अनेकजणी हळू आवाजात एकमेकींना विचारीत असतात. या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावयाचे तर आपल्या आया-आज्यांनी काय वापरले, ते कसे धुतले आणि कोठे वाळत घातले, हे आधी पाहावे लागते. म्हणून हा लेख.

पाळीविषयी आपल्या समाजाने बोलणे कधी टाळले असे म्हणता येत नाही. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’, ‘अडचण आहे’ असे शब्द घरोघर होते. मुलीला न्हाण आले की मखर घालून कौतुक करीत. चौदाव्या शतकात चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी विटाळाचा प्रश्न थेट अभंगात मांडला, आणि ज्या विटाळातून प्रत्येक देह जन्मास येतो त्याला अपवित्र कसे म्हणावे, असा सवाल देवापुढे ठेवला. पुढे १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ वर न्यावे की नाही, यावर सारे पुणे दुभंगले. ऋतुप्राप्ती केव्हा होते, गर्भाधानाचा संस्कार केव्हा व्हावा, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. लिहिणारे बहुतेक पुरुषच होते. ऋतू प्राप्त झाल्यावर त्या मुलीला कापड कोण देतो, पाणी कोण देतो, याची चर्चा त्या गदारोळात कोणी केली नाही.

ते कापड म्हणजे आपली ‘घडी’. जुने लुगडे विरले की त्याचे तीन भाग पडत. धड भाग गोधडीला जाई, मऊ भाग बाळाच्या दुपट्यांना आणि उरलेला घडीला. अनेक वर्षे धुतलेले सुती कापड मऊ असते, पाणी चटकन शोषते आणि उलगडले की चटकन वाळते, हे आपल्या आज्यांना कोणी शाळेत शिकवले नव्हते. नऊवारीला कासोटा असे, कमरेला दोरी असे, त्यात घडी बसे. निराळ्या चड्डीची गरजच नव्हती. पाड्यांवरील बायांचे लुगडे आखूड, गुडघ्याशी खोचलेले. तेथेही दोरी आणि चिंधी यांवरच काम भागे.

या व्यवस्थेत कापड वाईट नव्हते. वाईट होते ते त्याचे वाळवणे. सोवळे कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून घरातील उंच दांडीवर वाळे, इतर कपडे अंगणातील वलणीवर वाळत, आणि घडी मात्र गोठ्याच्या आडोशाला, परड्यातील कुडाच्या खाचेत किंवा दुसऱ्या ओल्या कपड्याखाली. पुरुषाच्या दृष्टीस पडू नये एवढाच तेथील नियम. तेथे ऊन पोचत नसे, म्हणून घडी पुरती वाळत नसे. आणि पुढच्या महिन्यात ती तशीच दमट अंगाला लागे. खाज, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे हे मग ‘बाईच्या जातीचे भोग’ म्हणून सोसले जाई.

आपल्या दोन तालुक्यांत ही अडचण दुप्पट होती. जव्हार हे संस्थान १९४८ साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले, १ ऑगस्ट २०१४ पासून आपण पालघर जिल्ह्यात आहोत. पण पाऊस आणि टंचाई ही दोन्ही त्याच जागी राहिली. पावसाळ्याचे चार महिने धुके आणि झड. सकाळी घातलेला परकर दुसऱ्या दिवशीही ओलाच. होळीनंतर विहिरी आटतात आणि हंड्यासाठी डोंगर उतरावा लागतो. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे २०१२ च्या सुमारास मध्य वैतरणा धरण पुरे झाले. १०० मीटरहून उंच अशा त्या धरणाचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ज्या घरात पिण्याचे पाणी मोजून वापरतात, तेथे घडी धुण्यासाठी दोन तांबे जास्त मागावयाचे कसे? त्यात कारवीच्या कुडाचे एकाच खोलीचे घर. आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाला तर तेवढाही आडोसा नाही.

आता थोडे जगाकडे पाहू. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेला कापसासारखा पदार्थ वापरीत. तो रक्त चांगले शोषतो हे पाहून परिचारिकांनी त्याचा उपयोग स्वतःसाठी केला. युद्ध संपल्यावर त्याच मालापासून अमेरिकेत १९२० साली ‘कोटेक्स’ नावाचे नॅपकिन निघाले. ते कमरेच्या पट्ट्याला अडकवावे लागत. खाली डिंक लावलेले, चड्डीला चिकटणारे पॅड १९७० च्या सुमारास आले. म्हणजे आज जे ‘पहिल्यापासूनचे’ वाटते, ते जेमतेम अर्ध्या शतकाचे आहे.

आपल्याकडे याच काळात पोशाख बदलला. नऊवारी मागे पडून पाचवारी आली, परकर आला, मुलींना फ्रॉक व पंजाबी पोशाख आला. कासोटा गेल्यावर घडीला आधार राहिला नाही, म्हणून चड्डी आवश्यक झाली. शरीरविषयक ज्ञान मराठीत उघडपणे सांगण्याचे धाडस र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने केले. १९५३ साली ते वारले, तोवर त्यांनी ते चालवले. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. असे शरीरविषयक लिहिणे हे कोर्टात नेण्याजोगे धाडस ठरे, तो काळ फार लांबचा नाही.

सरकारचे लक्ष या विषयाकडे उशिरा गेले, पण गेले. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात ‘अस्मिता’ योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वयाच्या मुलींना ८ पॅडचे पाकीट ५ रुपयांत, आणि विक्री बचत गटांमार्फत, अशी तिची आखणी होती. त्याच वर्षी जुलैमध्ये नॅपकिनवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. २०१९ च्या ऑगस्टपासून जनऔषधी केंद्रांत १ रुपयाला एक पॅड मिळू लागले. शाळेत जाणाऱ्या मुलीला याचा मोठा आधार झाला, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र पॅड वापरून झाल्यावर टाकावयाचे कोठे, हे कोणी सांगितले नाही. त्यात प्लास्टिक असते; ते कुजत नाही आणि उघड्यावर जाळले तर घाण धूर होतो. पाड्यावर घंटागाडी येत नाही. मग ते ओढ्यात, नाही तर शेताच्या बांधात. आणि पाकीट संपले, पैसे नसले की कापड पुन्हा येतेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ६४ टक्के नॅपकिन वापरतात आणि सुमारे ५० टक्के कापड, असे दिसले. कित्येकजणी दोन्ही वापरतात. त्या पाहणीत नॅपकिनची गणना ‘आरोग्यदायी साधनां’त होते, कापडाची होत नाही. स्वच्छ धुऊन उन्हात कडक वाळवलेली घडी आणि दमट कोपऱ्यातली घडी, दोन्ही एकाच रकान्यात पडतात. हा मला आपल्या आज्यांवर अन्याय वाटतो.

ओडिशातील दोन अभ्यास येथे उपयोगी पडतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ४८६ स्त्रियांच्या अभ्यासात, एकदाच वापरावयाचे पॅड घेणाऱ्यांपेक्षा पुन्हा वापरावयाचे कापड घेणाऱ्यांत योनिमार्गाच्या तक्रारी अधिक आढळल्या. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात वाळवण्याकडेही पाहिले गेले. तेव्हा कापड घराच्या आत वाळवणाऱ्या आणि संडासात दडवून ठेवणाऱ्या स्त्रियांत कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग अधिक दिसला. म्हणजे कापडाची भीती बाळगावी ती ते लपवावे लागते तोवर.

आता चड्डीकडे येऊ. ही चड्डी म्हणजे घडी आत शिवून टाकलेली निकर होय. अंगालगतचा थर ओल खाली ओढणारा, मधला थर शोषून धरणारा, आणि खाली पॉलियुरेथेनचा पाणी न झिरपणारा पातळ पापुद्रा. भारतीय मानक संस्थेने पुन्हा वापरावयाची पॅड आणि अशा चड्ड्या यांसाठी २०२१ साली आय.एस. १७५१४ हे मानक काढले. मला तर ही मोठी ऐतिहासिक घटना वाटते. जी घडी शतकानुशतके कुडात दडली होती, तिच्या लेकीला सरकारी क्रमांक मिळाला.

घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. पाकिटावर हा क्रमांक आहे का ते विचारावे. अंगालगतचा थर सुती असावा. माप घट्टही नको आणि सैलही नको. मांडीशी सैल बसली तर डाग पडतो, घट्ट बसली तर घामाने कातडी सोलवटते. ‘वास येऊ न देणारी’, ‘जंतुनाशक’ असल्या जाहिरातीवर जास्त पैसे देऊ नयेत. अमेरिकेत ‘थिंक्स’ या कंपनीच्या चड्ड्यांत घातक रसायने असल्याचा दावा झाला आणि कंपनीने दोष मान्य न करता २०२३ साली तडजोड केली; तेव्हा जितकी साधी वस्तू तितकी बरी. पाच-सहा नग असल्याशिवाय एक पाळी निभत नाही, आणि एकेक नग काही शे रुपयांचा. म्हणून आधी एकच घ्यावी, घरी असताना वापरून पाहावी, मग पुढचा खर्च.

धुण्याची रीत घडीचीच आहे. आधी गार पाणी. गरम पाण्याने रक्त धाग्यात थिजते व डाग बसतो. दहा-पंधरा मिनिटे भिजवून साध्या साबणाने धुवावी, पाणी नितळ येईपर्यंत खळबळावी. पिळ घालू नये, दाबून पाणी काढावे. ब्लीच व कपडे मऊ करणारी द्रव्ये वर्ज्य. त्यांनी शोषण्याची शक्ती जाते. उलटी करून उन्हात वाळवावी. इस्त्री करू नये, पापुद्रा वितळतो. दुकानदार बारा तास चालते म्हणेल, तरी सहा-आठ तासांनी बदलावी, पहिल्या दोन दिवसांत त्याही आधी. पापुद्रा तडकला किंवा ओल बाहेर येऊ लागली की ती चड्डी बाद.

मग आपण काय घ्यावे? माझे मत असे. जिच्या घरी नळ आहे आणि गच्ची किंवा अंगण आहे, तिने चड्डी जरूर घ्यावी. शिक्षिकेला, परिचारिकेला, एस.टी.ने रोज जाणारीला ती सोयीची आहे. पाड्यावर मात्र पावसाळ्यात तिचे जाड थर दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तेथे उलगडून एकेरी करता येणारी सुती घडी, साध्या चड्डीत बसवलेली, अधिक चांगली. झडीच्या दिवसांत ती इस्त्रीने किंवा चुलीच्या उबेवर वाळवता येते. पाणी दुर्मिळ असेल किंवा भट्टीवर जावयाचे असेल, तर त्या काळापुरते पॅड जवळ ठेवण्यात काही कमीपणा नाही. आणि कोणतेही साधन तासाभरात भिजून जात असेल, पाळी आठवड्याच्या वर लांबत असेल, चालताना धाप लागत असेल, तर दोष कापडाचा नव्हे. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठावे आणि रक्त तपासून घ्यावे.

या साऱ्या इतिहासात घडी, पट्टा, पॅड, चड्डी अशी साधने बदलत गेली. वलणीवरची जागा मात्र तिला अजून मिळालेली नाही. नवी महाग चड्डी आणून ती पुन्हा कुडाच्या खाचेतच वाळत घातली, तर शंभर वर्षांचा प्रवास फुकट. म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. या वर्षी प्रत्येक सभासदेने आपल्या घरी उन्हाच्या जागी एक वेगळी दोरी बांधावी, आणि पाळीचे कापड त्यावर उघडे वाळत घालावे. घरातील पुरुषांनी व मुलग्यांनी विचारले तर काय आहे ते साध्या शब्दांत सांगावे. सासूने सुनेला आणि आईने मुलीला ती जागा आपणहून दाखवावी. दोरीला चार पैसे लागतात आणि ऊन फुकट आहे. पुढच्या वर्धापनदिनी आपल्यापैकी किती घरी ही दोरी लागली, याची मोजदाद आढाव्यात छापावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.