स्पेनची चार शहरे: जेत्यांनी जिंकलेल्या नगरांचे काय केले?

१/
कुटुंबासह स्पेनला जायचे ठरले, की घरात पहिला वाद शहरांच्या यादीवरून होतो. कोणाला माद्रिद आणि बार्सिलोनाची फुटबॉल मैदाने हवी असतात, कोणाला समुद्रकिनारा, तर कोणाला २०११ च्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मध्ये पाहिलेला टोमॅटोंचा उत्सव. दहा दिवसांत सारे बसत नाही. इतिहासाची आवड असलेल्याने या वादात कोणती बाजू लावून धरावी, यासाठी हा थ्रेड.

२/
माझी शिफारस चार शहरांची आहे: तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिल आणि ग्रानादा. ही चारही नगरे शतकानुशतके मुस्लिम सत्तेखाली होती आणि पुढे ख्रिस्ती राजांनी ती जिंकली. वर्षे अनुक्रमे १०८५, १२३६, १२४८ आणि १४९२. याच क्रमाने ती पाहिली, तर एकच प्रश्न चार वेळा समोर उभा राहतो. जिंकलेल्या नगरातील प्रार्थनास्थळांचे, ग्रंथांचे आणि माणसांचे जेत्याने काय करावे?

३/
थोडी पार्श्वभूमी. इ.स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम सैन्याने व्हिसिगॉथ राजाचा पराभव केला आणि काही वर्षांतच बहुतेक द्वीपकल्प व्यापले. या प्रदेशाला अरबीत अल-अंदलुस म्हणत. याविषयी दोन सोप्या कथा प्रचलित आहेत. एक म्हणते, तो सर्व धर्मांच्या सहजीवनाचा सुवर्णकाळ होता. दुसरी म्हणते, ती परकी गुलामगिरी होती आणि पुढचे युद्ध म्हणजे केवळ मुक्ती. चारही शहरे नीट पाहिल्यास या दोन्ही कथा अपुऱ्या वाटू लागतात.

४/
पहिले शहर तोलेदो. ताहो नदीच्या वळणात उभ्या असलेल्या या खडकाळ नगराचा ताबा २५ मे १०८५ रोजी कॅस्टिलचा राजा सहावा अल्फोन्सो याने घेतला. शरणागतीच्या अटींनुसार मुख्य मशीद मुसलमानांकडेच राहणार होती. जुना वृत्तान्त सांगतो, की राजा नगराबाहेर असताना राणी आणि नव्या आर्चबिशपने ती ताब्यात घेतली. त्याच जागी तेराव्या शतकात आजचे भव्य कॅथीड्रल उभे राहू लागले. जेत्याचा शब्द आणि त्याच्या माणसांची कृती यांतील अंतर पहिल्याच शहरात दिसते.

५/
तोलेदोचे दुसरे उत्तर मात्र वेगळे आहे. इथले अरबी ग्रंथ जेत्यांनी भाषांतरासाठी उघडले. टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ मिळावा म्हणून इटलीतील क्रेमोना गावचा जेरार्ड इथे आला आणि इथेच राहिला. ११८७ मध्ये त्याचे निधन झाले, तोवर त्याने सत्तरहून अधिक ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणले होते. अल-ख्वारिझ्मीचे बीजगणित आणि इब्न सिनाचा वैद्यकग्रंथ त्यांत आहेत.

६/
या ज्ञानप्रवाहात भारताचा वाटा मोठा होता. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेवर आधारलेली अल-ख्वारिझ्मीची खगोलकोष्टके कोर्दोबाच्या रेखांशासाठी सुधारली, ती मस्लमा अल-मजरिती या विद्वानाने. ‘मजरिती’ म्हणजे माद्रिदचा, कारण माद्रिदही मुळात नवव्या शतकातील एक मुस्लिम किल्ला. पंचतंत्रातील करटक-दमनकही पहलवी आणि अरबीतून प्रवास करत १२५१ च्या सुमारास ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ या नावांनी कॅस्टिलियन भाषेत पोहोचले. मुलांना तोलेदो दाखवताना ही गोष्ट अवश्य सांगावी.

७/
तोलेदोत तीन छोट्या वास्तू चुकवू नयेत. इ.स. ९९९ मध्ये बांधलेली आणि पुढे चर्च झालेली छोटी मशीद, क्रिस्तो दे ला लुस. पांढऱ्या कमानींचे जुने सिनेगॉग, जे आज सांता मारिया ला ब्लांका या ख्रिस्ती नावाने ओळखले जाते. आणि राजा पेद्रोचा यहुदी खजिनदार सॅम्युएल हा-लेवी याने चौदाव्या शतकात बांधलेले एल त्रान्सितो सिनेगॉग. त्याच्या भिंतींवर हिब्रू लेखांसोबत अरबी अक्षरेही कोरलेली आहेत.

८/
दुसरे शहर कोर्दोबा. ७५० मध्ये दमास्कसच्या उमय्यद घराण्याची कत्तल झाली. त्यातून निसटलेला राजपुत्र अब्द अल-रहमान ७५६ मध्ये इथला अमीर बनला. त्याने ७८५ च्या सुमारास सुरू केलेली मशीद पुढील दोनशे वर्षे वाढत गेली. जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब तिच्यात वापरले आहेत. आज ८५० हून अधिक खांब आणि त्यांवरील तांबड्या-पांढऱ्या दुहेरी कमानी उभ्या आहेत. म्हणजे ‘मूळ’ मशिदीतही आधीच्या पराभूतांचे दगड आहेतच.

९/
सत्तांतराचे सर्वांत बोलके उदाहरण इथल्या घंटांचे. ९९७ मध्ये कोर्दोबाचा सेनापती अल-मन्सूर याने सान्तियागो हे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र लुटले. इतिवृत्ते सांगतात, की तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला आणून मशिदीत दिवे म्हणून लावल्या गेल्या. १२३६ मध्ये तिसऱ्या फर्नांदोने कोर्दोबा जिंकले आणि त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यांवरून सान्तियागोला परत पाठवल्या. अपमानाची परतफेड २३९ वर्षांनी, अगदी त्याच चलनात.

१०/
फर्नांदोने मशीद पाडली नाही. तिला कॅथीड्रल म्हणून पावन करून घेतले आणि जवळजवळ तीन शतके मूळ रचना बरीचशी टिकली. १५२३ मध्ये बिशपने मधले खांब काढून तिथे उंच चर्च बांधायला घेतले. नगरसभेने कडाडून विरोध केला आणि पाडकाम करणाऱ्या कारागिरांना मृत्युदंडाची धमकी दिली. हा विरोध करणारे स्वतः ख्रिस्ती होते. वाद सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेला आणि त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला. आजही खांबांच्या त्या अरण्यातून चालताना मध्येच एकदम उजेडात, उंच चर्चमध्ये पाऊल पडते.

११/
याच शहरात इब्न रुश्द (११२६) आणि यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदेस (११३८) जन्मले. मात्र मायमोनिदेसच्या कुटुंबाला हे शहर सोडावे लागले, ते ख्रिस्ती राजामुळे नव्हे. ११४८ मध्ये आलेल्या कर्मठ अल्मोहद मुस्लिम राजवटीने यहुद्यांना धर्मांतराखेरीज वाव ठेवला नव्हता. शहराबाहेरील मदीना अझ-झहरा ही खलिफाची राजधानीसुद्धा अकराव्या शतकाच्या आरंभी मुसलमानांच्या आपसांतील यादवीत उद्ध्वस्त झाली. सहजीवनाची कथा या दोन घटनांशिवाय सांगू नये.

१२/
तिसरे शहर सेव्हिल, जिंकले गेले नोव्हेंबर १२४८ मध्ये, त्याच फर्नांदोकडून. इतिवृत्तानुसार मुसलमानांना शरणागतीपूर्वी आपल्या मशिदीचा मनोरा पाडून टाकायचा होता. राजपुत्र अल्फोन्सोने बजावले, की एक वीट जरी हलली तरी सर्वांचे प्राण जातील. तो मनोरा म्हणजे आजची हिराल्दा. ११८४ ते ११९८ या काळात अल्मोहदांनी बांधलेला मनोरा खाली आणि सोळाव्या शतकातील घंटाघर वर. आत पायऱ्यांऐवजी चढण आहे, त्यामुळे आजी-आजोबाही दम खात खात वर जाऊ शकतात.

१३/
फर्नांदोच्या सेव्हिलमधील थडग्यावर लॅटिन, कॅस्टिलियन, अरबी आणि हिब्रू अशा चार भाषांत लेख आहेत. पण या शहराचे खरे नवल म्हणजे अल्काझार. १३६४ मध्ये कॅस्टिलचा ख्रिस्ती राजा पेद्रो याने स्वतःसाठी महाल बांधला, तो इस्लामी शैलीत. त्यासाठी ग्रानादाच्या मुस्लिम सुलतानाचे कारागीर आले. दर्शनी भिंतीवर एकीकडे राजाचा कॅस्टिलियन लेख, तर दुसरीकडे निळ्या अरबी अक्षरांत ग्रानादाच्या घराण्याचे ब्रीद: अल्लाहखेरीज कोणी विजेता नाही. रणात हरवलेल्यांची अभिरुची जेत्याने राजीखुशीने अंगीकारली होती.

१४/
त्याच सुमारास ग्रानादाचा वकील म्हणून इतिहासकार इब्न खल्दून पेद्रोच्या दरबारी आला. त्याचे पूर्वज सेव्हिलचेच. राजाने त्याला इथेच राहण्याचा आग्रह केला आणि पूर्वजांची मालमत्ता परत देऊ केली. त्याने नम्रपणे नकार दिला. मात्र सेव्हिलची दुसरी बाजूही पाहावी. स्पॅनिश इन्क्विझिशनने आपले पहिले बळी १४८१ मध्ये याच शहरात जाळले. तिचे मुख्यालय असलेल्या सान होर्हे किल्ल्याचे अवशेष नदीपलीकडे, त्रियानाच्या मंडईला लागून आहेत.

१५/
चौथे शहर ग्रानादा. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोअब्दिल याने अल्हाम्ब्राच्या चाव्या इसाबेल आणि फर्नांदो यांना दिल्या. तह उदार होता. मुसलमानांच्या मशिदी, कायदे आणि मालमत्ता यांना अभय दिले होते. पहिले आर्चबिशप तालावेरा यांचा भर समजावणीवर होता. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस आले आणि सक्तीची धर्मांतरे सुरू झाली. बिब-रम्ब्ला चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली. लोकांनी बंड केले, तेव्हा त्या बंडाचेच निमित्त करून तह रद्द ठरवला गेला. १५०२ च्या आज्ञेने कॅस्टिलमधील मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले.

१६/
तोलेदोने अरबी ग्रंथांचे भाषांतर केले, ग्रानादाने ते जाळले. मधल्या चारशे वर्षांत जेत्याची सत्ता वाढत गेली आणि पराभूतांची गरज कमी होत गेली. १०८५ मध्ये नवे राज्य चालवायला अरबी जाणणारे लोक हवेच होते. १४९२ नंतर द्वीपकल्पात एकही मुस्लिम सत्ता उरली नाही आणि सहिष्णुतेचे व्यावहारिक कारणही संपले. बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या वंशजांनाही पुढे थारा मिळाला नाही. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना हद्दपार केले गेले.

१७/
आता एक योगायोग. पाचव्या चार्ल्सने मार्च १५२६ मध्ये सेव्हिलच्या अल्काझारमध्ये पोर्तुगालच्या इसाबेलशी विवाह केला. नवदाम्पत्य कोर्दोबामार्गे ग्रानादाला गेले आणि अनेक महिने तिथे राहिले. आख्यायिका सांगते, की कोर्दोबाच्या मशिदीत घातलेले चर्च पाहून सम्राटाला आपल्या परवानगीचा पश्चात्ताप झाला. तसे असेलही. पण पुढच्याच वर्षी अल्हाम्ब्रात त्याचा स्वतःचा चौकोनी, अवजड राजवाडा उठू लागला. तो राजवाडा आणि शेजारचा सिंहांचा चौक एकाच सकाळी पाहावेत.

१८/
ग्रानादाची एक वाट थेट आपल्याकडे येते. ३१ मार्च १४९२ रोजी इथूनच यहुद्यांच्या हकालपट्टीचा हुकूम निघाला. मुदत चार महिन्यांची. अशाच एका स्पॅनिश यहुदी कुटुंबाने पोर्तुगाल गाठले. तिथेही सक्तीने बाप्तिस्मा झाला. त्या घरचा मुलगा गार्सिया द ओर्ता सालामांका आणि अल्काला इथे वैद्यक शिकला आणि १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी त्याचा स्नेह होता. मुंबई बेटही त्याच्याकडे पट्ट्याने होते. भारतीय औषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला.

१९/
पण इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यातही पोहोचले होते. १५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातरिना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली गेली. अल्हाम्ब्रात सही झालेल्या कागदाची धग मांडवीच्या काठापर्यंत आली, ती अशी.

२०/
आता व्यवहाराचे. दहा दिवस असतील तर माद्रिदला उतरून तोलेदोत एक मुक्काम, कोर्दोबात दोन, सेव्हिलमध्ये तीन, ग्रानादात दोन आणि उरलेले दिवस माद्रिदला. माद्रिद ते तोलेदो वेगवान रेल्वेने अर्ध्या तासाचे अंतर. कोर्दोबा ते सेव्हिल पाऊण तास. अल्हाम्ब्रातील नासरी महालांची तिकिटे नावावर आणि ठरावीक वेळेची असतात, ती आधीच घ्यावीत आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्दोबा आणि सेव्हिलचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून दिवाळीची सुट्टी अधिक बरी.

२१/
बार्सिलोना वगळल्याबद्दल कोणी रुसेल. ते सुंदर आहेच, पण त्याची कहाणी कॅटलन व्यापाराची आणि अरागॉनच्या राजसत्तेची आहे. तिला स्वतंत्र प्रवास द्यावा. वेळ फारच कमी असेल आणि दोनच शहरे शक्य असतील, तर कोर्दोबा आणि ग्रानादा निवडा. कोर्दोबात जेत्यांमधलेच लोक पराभूतांच्या वास्तूसाठी उभे राहिलेले दिसतात आणि ग्रानादात लेखी वचन किती वर्षे टिकले हे मोजता येते. मुलांना दोन्ही ठिकाणी एवढेच विचारा: त्या दिवशी निर्णय तुमच्या हाती असता, तर तुम्ही काय केले असते?