अयूब सुलेमान यांचे तैलचित्र

१७३३ साली विल्यम होअर या इंग्रज चित्रकाराने एका मुस्लिम गृहस्थाचे तैलचित्र काढले. पांढरा झगा, डोक्यास फेटा, गळ्यात कुरआन शरीफ. हे अयूब सुलेमान दियालो, पश्चिम आफ्रिकेतील बुंडू येथील सधन, विद्वान घराण्यातले.

१७३१ च्या सुमारास गँबिया नदीकाठी दोन गुलाम विकून परतताना ते स्वतःच पकडले गेले आणि अमेरिकेत विकले गेले. तेथून वडिलांना लिहिलेले त्यांचे अरबी पत्र लंडनला पोहोचले, ऑक्सफर्डला त्याचे भाषांतर झाले. पुढे लंडनच्या सज्जनांनी पैसे जमवून त्यांना मुक्त केले. तेथे त्यांनी केवळ स्मरणातून कुरआनच्या तीन प्रती लिहिल्या.

चित्राला ते प्रथम राजी नव्हते. मग स्वदेशी पोशाखाची अट घातली. चित्रकार म्हणाला, न पाहिलेला पोशाख काढू कसा? अयूब यांनी विचारले, मग कोणीच न पाहिलेल्या खुदाचे चित्र तुम्ही कसे काढता?

पालकहो, घरची दौलत दूर राहिली, शिकलेले अक्षर कामी आले. परंतु अयूब यांनी विकलेल्या त्या दोघांचे चित्र कोणी काढले नाही. आपल्या मुलांनी शिकावे, आणि त्या दोघांनाही विसरू नये.