जुळ्यांची नोंदवही

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ एलियट स्लेटर (१९०४–१९८३) यांनी उन्माद-अवसादाची, म्हणजे आज ज्याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात त्या विकाराची, आनुवंशिकता घराघरांतून मोजली. वडील गिल्बर्ट स्लेटर अर्थशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धाच्या काळात मद्रास विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांनी विद्यार्थ्यांना आपापल्या गावी धाडून दक्षिणेतल्या खेड्यांची पाहणी करवून घेतली होती. मुलाकडे मोजणीचा नाद रक्तातून आला की जेवणाच्या टेबलावरून, याचा निकाल मुलाच्या शास्त्रालाही लावता आला नसता.

केंब्रिजमध्ये शिकून स्लेटर १९३१ साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात रुजू झाले. १९३४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते म्युनिकला गेले. एमिल क्रेपेलिन यांनी तिथे उभारलेल्या संशोधन संस्थेत एर्न्स्ट र्‍यूदिन यांचा विभाग मनोविकारांच्या आनुवंशिकतेचे जगातले मुख्य केंद्र होता. पद्धत चिकाटीची होती. रुग्णाचे आईबाप, भावंडे, मुले एकेक करून शोधायची आणि आजार कोणाला झाला ते नोंदवायचे. त्यात वयाची अडचण असे: पंचविशीतला भाऊ आज धडधाकट आहे, पण पुढे आजारी पडणारच नाही कशावरून? त्यावर जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांचा साधा तोडगा वापरत. आजाराचे वय ओलांडलेला नातेवाईक पूर्ण एक धरायचा, त्या वयातून जात असलेला अर्धा आणि त्या वयाला न पोचलेला हिशेबातच घ्यायचा नाही.

याच संस्थेची दुसरी बाजू काळी आहे. १९३३ च्या सक्तीच्या निर्बीजीकरण कायद्यावरचे अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत र्‍यूदिन होते आणि कायद्याने नेमलेल्या आजारांत उन्माद-अवसादही होता. त्या विकारावर र्‍यूदिन यांनी पूर्वी स्वतः केलेल्या अभ्यासातले आकडे आनुवंशिकतेच्या साध्या नियमात बसले नव्हते. तो अभ्यास त्यांनी कधी छापलाच नाही. कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांचे निर्बीजीकरण झाले. स्लेटर सुप्रजननवादापासून अलिप्त नव्हते, इंग्लंडमधल्या त्या चळवळीशी त्यांचा संबंध राहिला. तरी १९३६ मध्ये त्यांनी जर्मन कायद्याच्या अंमलबजावणीवर टीका छापली. त्याआधी, १९३५ मध्ये, त्याच संस्थेत काम करणाऱ्या ज्यू जीवरसायनतज्ज्ञ लिडिया पास्टरनाक यांच्याशी लग्न करून ते इंग्लंडला परतले होते. लिडिया या कवी बोरिस पास्टरनाक यांच्या भगिनी. म्युनिकमधल्या कामावरचा स्लेटरांचा प्रबंध, उन्माद-अवसादाच्या रुग्णांचे आईवडील आणि मुले यांच्यावरचा, १९३८ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

मात्र घराण्यात आजार दिसला म्हणजे तो रक्तातूनच आला, असे होत नाही. घर एक, परिस्थिती एक, खाणेपिणे एक. हा गुंता जुळी सोडवतात. एकबीज जुळ्यांचे सगळे जनुक सारखे, द्विबीज जुळ्यांचे सरासरीने निम्मे. घर मात्र दोन्हींचे एकच. स्लेटर यांनी आधी लंडनच्या मनोरुग्णालयांतली जुळी हुडकली. त्यावरचा अहवाल १९५३ मध्ये निघाला. जुळी शोधण्याच्या कामात जेम्स शील्ड्स त्यांचे सहकारी होते. पण टिकून राहिली ती १९४८ मध्ये मॉड्स्लीत सुरू झालेली नोंद. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आजार कोणताही असो, एक प्रश्न ठरलेला असे: तुमच्याबरोबर जुळे भावंड जन्मले होते का? ‘हो’ आले की त्या भावंडाचा माग काढायचा. आजारी जोड्याच तेवढ्या डॉक्टरांच्या लक्षात राहतात, ही चूक अशी सरसकट विचारणा केल्यानेच टळत होती.

१९५९ मध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्लेटर यांच्या हाताखाली मनोविकार-आनुवंशिकीचा विभाग काढला. १९६९ मध्ये ते निवृत्त झाल्यावर तो बंद पडला. दरम्यान १९६६ मध्ये स्वित्झर्लंडचे ज्यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनचे कार्लो पेरिस यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की ज्यात उन्माद येतो तो आजार आणि नुसते अवसाद या दोहोंची घराणी वेगवेगळी पडतात. निवृत्तीनंतरही स्लेटर यांची मोजणी थांबली नाही. ‘एडवर्ड तिसरा’ हे नाटक शेक्सपिअरचे आहे का, हे त्यांनी त्यातल्या दुर्मीळ शब्दांच्या संख्येवरून तपासले आणि त्यावर पीएचडी मिळवली.

स्किझोफ्रेनियामागे एकच जनुक असावा, असा सिद्धान्त त्यांनी १९५८ मध्ये मांडला होता. तो टिकला नाही. मनोदशेच्या विकारांतही पुढे तेच दिसले. २०२१ मध्ये बायपोलरचे सुमारे ४२ हजार रुग्ण तपासल्यावर जनुकसंचातल्या ६४ जागा सापडल्या आणि एकेकीचा प्रभाव अगदी थोडा निघाला. नोंदवही मात्र उपयोगी पडत राहिली. पीटर मॅकगफिन आणि सहकाऱ्यांनी तिच्यातली अवसादाची जुळी घेऊन १९९६ मध्ये आकडे दिले: एकाला आजार असल्यास दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत ४६ टक्के, द्विबीजांत २०. २००३ मध्ये त्यांनी बायपोलरच्या ६७ जोड्यांचे आकडे दिले, तेव्हा हेच प्रमाण अनुक्रमे ४० आणि ५.४ टक्के आले.