प्रबंधाचा एम. ए. आणि शिरवळची साधने

एम. ए. ही पदवी आपल्याकडे दोन वाटांनी मिळत आली आहे. एका वाटेने जाणारा विद्यार्थी नेमलेले ग्रंथ वाचतो, प्रश्नपत्रिका सोडवितो आणि वर्गासह उत्तीर्ण होतो. दुसऱ्या वाटेने जाणारा एक विषय निवडतो, त्याची मूळ साधने शोधतो, आणि आपले म्हणणे पुराव्यानिशी प्रबंधात मांडून परीक्षकांपुढे ठेवतो. आज आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या वाटेविषयी. नीरेकाठच्या शिरवळसारख्या गावी हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आधी थोडा इतिहास पाहिल्यावर आपोआप मिळेल.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी. त्यामुळे महाराष्ट्रात इतिहाससंशोधनाची पहिली मोठी कामगिरी झाली ती विद्यापीठाच्या आवाराबाहेर. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे डेक्कन कॉलेजचे बी. ए.; पण ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा १८९८ सालचा पहिला खंड त्यांनी सिद्ध केला तो वाईस मिळालेल्या जुन्या पत्रांवरून. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी साताऱ्यास कागदपत्रांचा आणि चित्रांचा अमोल संग्रह उभा केला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. वाई आणि सातारा ही आपल्या जिल्ह्यातलीच गावे, ही गोष्ट शिरवळकरांनी ध्यानात ठेवावी.

विद्यापीठांतील संशोधनाची कथा पाहू लागलो, तरी तिचा एक धागा साताऱ्याशीच जुळतो. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, त्या भीमराव आंबेडकरांनी पुढे सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ गाठले, आणि १९१५ साली प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहून एम. ए. मिळविली. इकडे मुंबईस डॉ. घुर्यांच्या मार्गदर्शनाखाली इरावती कर्वे यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहून १९२८ साली तीच पदवी घेतली. फादर हेरास यांच्या संशोधनसंस्थेत हसमुख सांकलियांनी नालंदा विद्यापीठाचा अभ्यास केला. तो त्यांचा एम. ए. चा प्रबंध १९३४ साली पुस्तकरूपाने निघाला. मग १९३९ साली डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा कर्वे आणि सांकलिया दोघेही तेथे अध्यापक झाले. त्र्यंबक शंकर शेजवलकरही तेथेच आले, आणि पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रहही तेथेच गेला. हौसेने चाललेले संशोधन आणि विद्यापीठातले संशोधन यांची गाठ अशी एका छपराखाली पडली.

प्रबंध लिहिताना विद्यार्थी नेमके शिकतो काय? ‘हे कशावरून?’ हा प्रश्न सतत विचारावयास तो शिकतो. शिरवळचीच तीन उदाहरणे घेऊ.

पहिले साधन पाषाणाचे. गावाजवळच्या डोंगरातली बौद्ध लेणी आपण सारे जाणतो. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० सालच्या लेण्यांवरील ग्रंथात त्यांची नोंद आहे. पण ती कोणत्या शतकातली? येथे स्तूपाची घडण, कोठड्यांची मांडणी, दगडी बाके यांची मापे घ्यावी लागतात, आणि कार्ले, भाजे, वाई, कऱ्हाड येथल्या लेण्यांशी ती ताडून पाहावी लागतात. घाट उतरून बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांशी या लेण्यांचा काय संबंध होता, हा एकच प्रश्न एका प्रबंधाला पुरेल.

दुसरे साधन काव्याचे. १६४८ साली विजापूरच्या फौजेने शिरवळचा सुभानमंगळ हा भुईकोट व्यापला आणि शिवाजीमहाराजांच्या माणसांनी तो लढून परत घेतला. ही हकिकत सविस्तर वाचावयास मिळते ती कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात. त्याची पोथी तंजावरास राहिली, आणि ते छापून मराठी वाचकांच्या हाती आले १९२७ साली, स. म. दिवेकरांच्या परिश्रमामुळे. शिरवळच्या लढाईचा पुरावा तंजावरास मिळावा, यावरून साधने कोठवर शोधावी लागतात ते दिसते. कवी महाराजांच्या काळातला, म्हणून त्याचे वजन मोठे. पण तो कवी, म्हणून त्याच्या अलंकारातून घटना वेगळी काढावी लागते.

तिसरे साधन कागदाचे. ‘हिंदवी स्वराज्य’ हे शब्द ज्या पत्रामुळे घरोघर पोहोचले, ते दादाजी नरसप्रभू देशपांडे यांस १६४५ साली लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र राजवाड्यांनी छापले. त्यात शिरवळच्या ठाण्याचा उल्लेख येतो. हे पत्र अस्सल की मागाहून रचलेले, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. अशा वेळी मायना तपासावयाचा, तिथी आणि वार जुळतात का ते पाहावयाचे, हुद्द्यांची नावे आणि भाषेचे वळण त्या काळचे आहे का ते इतर निर्विवाद पत्रांशी ताडावयाचे. वतनांच्या तंट्यांत बनावट कागद पुढे येत असत, हेही विसरावयाचे नाही. पत्र आपल्याला प्रिय आहे म्हणून ते खरे ठरत नाही, आणि कोणी शंका घेतली म्हणून खोटेही ठरत नाही. हे अंगी बाणले की पदवीचे सार्थक झाले, असे आम्ही समजतो.

पुढे मात्र कलाशाखेचा एम. ए. बहुतांशी प्रश्नपत्रिकांचाच झाला. लहान प्रबंधाची सोय एम. फिल. मध्ये होती, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांनी तेही बंद झाले. ज्याला पीएच. डी. ची चार-सहा वर्षे झेपणार नाहीत, अशा शिक्षकाला किंवा शेतकऱ्याच्या मुलीला शोधविद्येची ही मधली पायरी राहिली नाही. शिरवळात विरोधाभास असा, की येथल्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात जनावरांच्या रोगांवर पदव्युत्तर पदवी घ्यावयाची तर प्रबंध लिहावाच लागतो. गावाच्या इतिहासावर मात्र एक ओळही न लिहिता इतिहासाचा एम. ए. होता येते.

आयोगाच्या २०२४ सालच्या आराखड्याने एक दार पुन्हा किलकिले केले आहे. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दुसरे वर्ष केवळ संशोधनास देण्याचा पर्याय त्यात आहे. आपल्या मुलामुलींनी तो मागितला पाहिजे. सोयी दूर नाहीत: मंडळ, डेक्कन कॉलेज आणि पेशवे दप्तर ही तिन्ही पुण्यास, म्हणजे येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहेत.

निकड मात्र आहे. महामार्ग आणि कारखाने यांच्या रेट्यात शिरवळ झपाट्याने पालटत आहे. जुने वाडे उतरविले जातात, माळ सपाट होतात. मोडी वाचणारी माणसे थोडी उरली आहेत. वाडा पाडताना माडीवर कागदांचा रुमाल निघाला, तर त्यातली एखादी जमिनीची सनद बाजूला काढून बाकीचे रद्दीत घालण्याची रीत आपल्याकडे आहे. वाईच्या कागदांचे तसे झाले असते, तर राजवाड्यांचा पहिला खंड निघालाच नसता. म्हणून आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. घरी रुमाल असेल तो सोडवून कोरड्या जागी ठेवा आणि जाणत्यास दाखवा. आणि घरातले मूल इतिहासाचा एम. ए. करू म्हणाले, तर ‘नोकरी कोठली?’ या प्रश्नाबरोबर ‘प्रबंध कशावर?’ हाही प्रश्न त्याला विचारा.