तलावाच्या काठावरचा झुला आणि झाड: काय काढता येतं, काय नाही? जाणून घ्या नियम

15 मार्च 2025 रोजी नागभीड तालुक्यातील घोडाझरी तलावात पोहायला उतरलेल्या 5 तरुणांचा बुडून मृत्यू झाला. अशी घटना घडली की गावागावात चर्चा सुरू होते. आपल्याही तलावावर पोरं झाडाला दोर बांधून पाण्यात उड्या मारतात, त्याचं काय करायचं? मग दोन उपाय पुढे येतात. झुला काढून टाका, नाहीतर झाडच तोडून टाका.

यातला पहिला उपाय आजच करता येतो. दुसरा मात्र परवानगीशिवाय करता येत नाही आणि घाईत केला तर तलावाचंच नुकसान होऊ शकतं.

तलाव कोणाचा?

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळायची. तिला तुकूम म्हणत. पुढे हे तलाव मालगुजारांकडे राहिले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 नुसार, दुसऱ्या कोणाची कायदेशीर मालकी सिद्ध होत नसेल तर तलाव, नाले आणि त्यांचे तळ शासनाच्या मालकीचे असतात. देखभाल मात्र वेगवेगळ्या कार्यालयांकडे आहे. 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. घोडाझरी, आसोलामेंढा यांसारखे मोठे तलाव जलसंपदा विभागाकडे आहेत. तलावाला लागून वनजमीन असेल तर तिथे वन विभागाचा अधिकार चालतो.

म्हणजे एकाच तलावाची पाळ एका खात्याची, मागचा काठ दुसऱ्याचा आणि बाजूचा बांध खासगी शेतकऱ्याचा, असं होऊ शकतं. म्हणून आधी तलाठ्याकडून गट नंबर, 7/12 आणि गाव नकाशा पाहून घ्यावा. विदर्भात निस्तारपत्रकही पाहायला हवं. गावाच्या सामाईक वापराचे हक्क त्यात नोंदलेले असतात.

मासेमारीचा ठेका घेतलेल्या संस्थेचा हक्क पाण्यातल्या माशांवर असतो. काठावरच्या झाडांवर नाही.

झुला: धोका नेमका कुठे?

पाण्यावर झुलणारा दोर दिसायला साधा, पण धोका तीन ठिकाणी असतो.

• पाण्याखालची जमीन: मामा तलाव काठाला उथळ असतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कालपर्यंत खोल असलेली जागा कंबरेइतकी राहते. उंचावरून डोक्यावर पडलं तर मानेचा मणका मोडू शकतो. जुने खुंट आणि दगड गढूळ पाण्यात दिसत नाहीत.

• अचानक खोल खड्डे: 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'सारख्या योजनेत किंवा मुरमासाठी खोदकाम झालं असेल तर तळ एकसारखा राहत नाही. दोन पावलं पुढे टाकली की पाणी डोक्यावर जातं. पोहता न येणारी मुलं इथेच फसतात.

• दोर आणि फांदी: नायलॉनचा दोर उन्हाने कमजोर होतो, पण वरून चांगला दिसतो. दोराचा फास फांदीची साल कापत जातो. साल सगळीकडून कापली गेली की फांदी हळूहळू वाळते आणि एक दिवस माणसासकट खाली येते.

झुला काढायला झाड तोडण्याची परवानगी लागत नाही. सार्वजनिक जागेवरचा झुला ग्रामपंचायतीने ठराव घेऊन काढावा आणि तलाव ज्या खात्याकडे आहे त्याला कळवावं. दोर नुसता खालून कापू नये. गाठ सोडून पूर्ण काढावा. अर्धवट लोंबणाऱ्या दोरालाच पोरं दुसऱ्या दिवशी नवा तुकडा बांधतात.

झुला काढला तरी उन्हाळ्यात मुलं पाण्यात जाणारच. गावातल्या अंगणात किंवा शाळेजवळ जमिनीवरचा झोका बांधून द्यावा. तलावावर कुठे खोल खड्डा आहे ते सांगणारा फलक लावावा.

झाड तोडण्याआधी तीन प्रश्न

1) जमीन कोणाची? सरकारी जमिनीवरचं झाड सरकारी मालमत्ता आहे. ग्रामपंचायतीचा ठराव झाला म्हणून ते तोडता येत नाही, संबंधित खात्याची लेखी परवानगी लागतेच. वनजमिनीवर विनापरवाना तोड केली तर भारतीय वन अधिनियम 1927 खाली गुन्हा दाखल होतो.

2) झाड कोणतं? महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 च्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, हिरडा, ऐन, हळदू, बिजा, तिवस, अंजन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. वड, पिंपळ, करंज या यादीत नाहीत. पण याचा अर्थ तलावावरचा वड कोणीही तोडावा असा नाही. तिथे पहिला प्रश्न लागू होतोच.

नगरपालिका किंवा महापालिका हद्दीतल्या तलावांना 1975 चा नागरी क्षेत्र वृक्ष कायदा लागतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' मानलं जातं.

3) झाड कुठे उभं आहे? पाळीवर की मागच्या काठावर? पुढचा निर्णय यावरच ठरतो.

पाळीवरचं झाड वेगळं, काठावरचं वेगळं

मागच्या काठावरची झाडं पावसाचं पाणी अडवतात आणि माती धरून ठेवतात. ती गेली की माती थेट तलावात येते, तलाव गाळाने भरतो आणि धानाला मिळणारं पाणी कमी होतं. ही झाडं ठेवायचीच.

पाळीवरच्या झाडाचा हिशोब मात्र वेगळा आहे. मातीच्या पाळीत मुळं खोल गेली, झाड मेलं आणि मुळं कुजली, की त्या जागी पोकळ नळी तयार होते. तिथून पाणी झिरपू लागतं. वादळात मोठं झाड मुळासकट उपटलं तर पाळीलाच खड्डा पडतो. म्हणून पाळीवर नव्याने उगवलेली रोपटी दरवर्षी लहान असतानाच काढावीत. तुडुमाजवळ आणि सांडव्याजवळ तर झाड वाढूच देऊ नये.

पण पन्नास-शंभर वर्षांचं जिवंत झाड घाईने तोडलं तर तोच धोका आपण ओढवून घेतो. खोड जातं, मुळं आत कुजत राहतात. असं झाड काढायचंच असेल तर पाणी उतरल्यावर, अभियंत्याच्या देखरेखीखाली, मुळं खणून चिकणमाती भरून, थर देऊन धुमसावं लागतं. नाहीतर वाळलेल्या आणि धोकादायक फांद्या छाटणं पुरेसं असतं.

पाळीच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसली आणि झिरपणारं पाणी गढूळ असेल तर माती वाहून जात आहे असं समजावं. तेव्हा लगेच लघु पाटबंधारे विभागाला कळवा.

वाघाच्या भीतीने सफाई करायची असेल तर

सिंदेवाही, सावली, मूल, ब्रह्मपुरी भागात तलावाकाठची झुडपं साफ करण्याची मागणी वारंवार होते. मागणी रास्त आहे. पण दाट आडोसा होतो तो मुख्यतः बेशरम आणि घाणेरीच्या झुडपांचा. ती काढली आणि मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या छाटल्या तर नजर लांब पोहोचते. त्यासाठी मोहाचं झाड पाडावं लागत नाही. जागा वनजमीन असेल तर हे कामही वन विभागाला सोबत घेऊनच करावं.

पेसा आणि वनहक्काच्या गावांत

1996 च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात लहान जलाशयांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलं आहे. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 5 नुसार हक्कधारक आणि ग्रामसभा पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोतांच्या रक्षणाचा निर्णय घेऊ शकतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले.

याच कायद्याच्या कलम 3(2) मध्ये वनजमिनीवर तलावासारख्या सार्वजनिक कामासाठी जागा देण्याची तरतूद आहे. मात्र जागा 1 हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. कंत्राटदार तोड करत असेल तर हे कागद आधी मागा.

तोड सुरू दिसली तर काय करायचं?

• झाडांचे, गाडीचे आणि जागेचे फोटो काढा. फोटोत तारीख आणि लोकेशन येऊ द्या.
• परवानगीची प्रत मागा. काम बेकायदा वाटत असेल तर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.
• तहसीलदार आणि संबंधित खात्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्या.
• प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

कोणी बुडत असेल तर

पोहता येत असलं तरी एकट्याने उडी मारू नका. एकाला वाचवताना दुसरा बुडतो, असं नेहमी घडतं. काठावरूनच दोर, बांबू किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका आणि 112 ला फोन करा.

झुल्याचा काढलेला दोर मजबूत असेल तर फेकू नका. त्याच्या टोकाला रिकामा कॅन बांधून, गुंडाळी करून पाळीवर सर्वांना दिसेल अशा ठिकाणी टांगून ठेवा. तो कुठे आहे हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत असलं पाहिजे.