माईनमुळ्याची दोन बारशी

कोलशेत रोडवरचे सँडोझ आणि बायरचे कारखाने जुन्या ठाणेकरांना आठवतात. तिथून जवळच, मुलुंडला हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात लोणच्याच्या मुळातून रक्तदाब उतरवणारं द्रव्य निघालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते मूळ माईनमुळ्याचं. ओव्याच्या पानाचा हा भाऊबंद. गुजराती घरांत गरमर. मुळं बोटाएवढी, फिकट तपकिरी, आल्याच्या अंगाच्या वासाची.

द्रव्य म्हणजे फोर्सकोलिन. 1763 मध्ये येमेनमध्ये वारलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्सकोलचं नाव झाडाला मिळालं, झाडाचं द्रव्याला. हे तेलातुपातलं मेदाम्ल नव्हे, डायटर्पीन आहे. लिपिडांच्या कुळातली ही दूरची शाखा, पाण्यात जेमतेम विरघळणारी.

खरा वाद पितृत्वाचा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं याच झाडातून रक्तदाब उतरवणारं ‘कोलिओनॉल’ काढलं होतं. 1977 मध्ये दोन्हीकडून रचना छापल्या गेल्या. अणूंच्या मांडणीत फरक होता, म्हणून द्रव्यं दोन मानली गेली. 1985 मध्ये ती एकच ठरली आणि मुलुंडची मांडणी टिकली. गुण लखनौनं हेरला, याचं श्रेय त्यांचंच. पण रेणू जसा आहे तसा मुलुंडनं दाखवला, म्हणून नावावर हक्क मुलुंडचा, असं मी ठामपणे म्हणतो.

दोघं एकाच झाडाशी पोचले कसे? लखनौला हजारो वनस्पती सरसकट तपासण्याचा मोठा कार्यक्रम होता, तेवढं कारण पुरेसं आहे. माईनमुळ्याला पाषाणभेद मानून आयुर्वेदातून वाट दाखवणारेही आहेत. पण त्या नावाखाली इतकी झाडं येतात की तो धागा मला कच्चा वाटतो. मुलुंडपुरता माझा कौल लोणच्याला. तिथली गुजराती वस्ती मोठी, गरमर घराघरात ओळखीचा. पिढ्यान्‌पिढ्या पोटात गेलेलं मूळ संशोधकांच्या नजरेतून सुटणं कठीण.

हेक्स्टच्या 1978 च्या निबंधात फोर्सकोलिननं उच्च रक्तदाबाच्या उंदरांचाही दाब उतरवल्याची नोंद आहे. जन्मतःच तशी प्रवृत्ती असलेल्या उंदरांची जात जपानमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी 1963 मध्ये जगापुढे आणली होती. दाब का उतरतो, ते 1981 मध्ये अमेरिकेत उलगडलं: फोर्सकोलिन ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट चेतवतं, पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं आणि रक्तवाहिन्यांचे स्नायू सैलावतात. हृदयाचे ठोके मात्र त्याच वेळी जोरकस होतात. म्हणूनच त्याचं पाण्यात विरघळणारं रूप, कोलफोर्सिन डॅरोपेट, 1999 मध्ये जपानच्या बाजारात आलं ते रक्तदाबासाठी नव्हे, हृदय एकाएकी अशक्त झालेल्या रुग्णांसाठी.